एकट्याचा विमानप्रवास, सवलती आणि विमानांचं वेड: मेळ कसा घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कामानिमित्त महिन्यातून दोन-तीनदा एकट्यानं विमानप्रवास होतो. चार-पाच विमान कंपन्यांच्या फ्रिक्वेंट फ्लायर (नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या) खात्यांत माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळणारे गुण, विखुरलेत, कार्डाच्या आणि हॉटेलांच्या सवलतीही आहेत, पण ठोस असं हाती काही लागत नाही. शिवाय विमानांचं वेड लहानपणापासूनचं, तरी आता विमानतळ म्हटलं की फक्त रांगा आठवतात. तेव्हा कुठल्या सवलतींच्या मागे लागावं, आणि विमानांशी संबंधित असं एकट्यानं काय काय करता येईल?

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या प्रवासाची आखणी करते, आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन धावपट्टीच्या कुंपणाशी उभी असते. त्यामुळे हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. तुमच्याकडे सवलती कमी नाहीत, वेळ कमी आहे. आणि बहुतेक सवलती जोडप्याला किंवा कुटुंबाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या खात्यात त्या नुसत्या पडून राहतात. एकट्या माणसानं सवलतीची किंमत एकाच मापानं करावी: हिच्यामुळे मला अर्धा दिवस मोकळा मिळतो का? मिळत असेल तर त्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं ते पुढे सांगते.

आधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडते. तिकीट कोण काढतं, तुम्ही की कंपनी? कंपनी काढत असेल तर विमान कंपनी निवडायची मुभा आहे का? परतीचा दिवस स्वतःच्या खर्चानं पुढे ढकलता येतो का? तुमच्या पासपोर्टवर मधल्या देशात विमानतळाबाहेर पडता येतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर खाली स्टॉपओव्हरबद्दल (वाटेतल्या शहरात मुद्दाम केलेल्या मुक्कामाबद्दल) जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तुम्हाला गैरलागू आहे.

आता सवलती. पहिलं काम म्हणजे काट मारणं. सोबत्याचं तिकीट फुकट देणारं व्हाउचर, लाउंजमध्ये एक पाहुणा नेण्याची मुभा, दोघांचा नाश्ता, दुसरी चेक-इन बॅग, या सगळ्यांची किंमत तुमच्या हिशेबात शून्य धरा. कार्डाच्या जाहिरातीत ‘एवढ्या मूल्याचे फायदे’ म्हणून जो आकडा असतो त्यातला मोठा वाटा याच गोष्टींचा असतो. तो वजा केल्यावर कार्डाची वार्षिक फी परवडते का, ते बघा. पुष्कळदा परवडत नाही.

उलट, एकटं असण्याचे काही फायदे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसतात. माइल्सवर मिळणारी तिकिटं विमान कंपन्या मोजकीच सोडतात. दोन जागा एकत्र मिळवायला महिनोन्‌महिने आधी बसावं लागतं, पण एक जागा शेवटच्या आठवड्यातही निघते. बिझनेस क्लासमध्ये एकच खुर्ची उरली असेल आणि अपग्रेडच्या यादीत वरचे दोघे एकाच बुकिंगवर असतील, तर ती खुर्ची खालच्या एकट्या प्रवाशाकडे येण्याची शक्यता बरीच असते. आणि विमान ओव्हरबुक झालं, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, की गेटवर स्वेच्छेनं थांबणारे प्रवासी शोधतात. युरोपात तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार कुणालाही जबरदस्तीनं उतरवण्याआधी स्वेच्छेनं थांबणारे शोधणं कंपनीला बंधनकारक आहे. फक्त केबिन बॅग घेतलेला एकटा प्रवासी यासाठी त्यांना सर्वांत सोयीचा. मात्र हो म्हणण्याआधी तीन गोष्टी नक्की करून घ्या: पुढच्या विमानात जागा पक्की आहे की नुसती प्रतीक्षायादी, मुक्काम त्यांच्या खर्चानं आहे का, आणि भरपाई व्हाउचरमध्ये असेल तर ते कधी संपतं.

विखुरलेल्या माइल्सबद्दल माझं मत ठाम आहे. एक अलायन्स (विमान कंपन्यांचा गट) निवडा आणि त्यातला एकच प्रोग्रॅम, म्हणजे एकाच कंपनीचं माइल्सचं खातं. स्टार अलायन्स १९९७ ची, वनवर्ल्ड १९९९ ची आणि स्कायटीम २००० ची. तिन्हींत स्टेटसची, म्हणजे जास्त उडणाऱ्यांना मिळणाऱ्या दर्जाची, एक पायरी अशी आहे, जिथे लाउंज, लवकर बोर्डिंग आणि सामानात प्राधान्य हे सगळं इकॉनॉमीच्या तिकिटावरही मिळतं. स्टारमध्ये तिला गोल्ड म्हणतात, वनवर्ल्डमध्ये सॅफायर, स्कायटीममध्ये एलिट प्लस. तेवढीच गाठा. त्यावरच्या पायरीसाठी डिसेंबरात, वर्ष संपायच्या आत, गरज नसताना विमानफेऱ्या करत बसणारे लोक मी रोज बघते. त्यांना मिळतं ते जरा बरं लाउंज.

प्रोग्रॅम कुठला, याचं उत्तर तुमची तिकिटं कशी असतात त्यावर आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं आपला प्रोग्रॅम सुरू केला, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं माइल्स अंतरावर मिळायचे. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं ते तिकिटाच्या रकमेवर द्यायला सुरुवात केली आणि मग बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याच वाटेनं गेल्या. म्हणजे आयत्या वेळी काढलेलं, जवळच्या अंतराचं महागडं तिकीट, जे कामाच्या प्रवासात नेहमीचंच, ते रकमेवर मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जास्त देतं. स्वस्तात लांब जाणाऱ्यानं त्याच अलायन्समधला अंतरावर मोजणारा भागीदार प्रोग्रॅम शोधावा. तिकीट एका कंपनीचं आणि माइल्स दुसऱ्या कंपनीच्या खात्यात, यात काही गैर नाही. उलट कधीकधी तेच शहाणपणाचं. युनायटेडचंच उदाहरण घ्या. तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं गोल्ड असलेल्याला फक्त देशांतर्गत प्रवास असताना युनायटेड क्लब, म्हणजे तिचं लाउंज, उघडत नाही, पण दुसऱ्या स्टार कंपनीचं गोल्ड असलेल्याला उघडतं. असे नियम बदलत असतात, म्हणून खातं उघडण्याआधी ताजी अट वाचा. माइल्स कधी संपतात तेही बघा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये ते तीन वर्षांनी जातात, तुम्ही उडत असा वा नसा. इतर काही ठिकाणी खात्यात हालचाल असली की टिकून राहतात.

हॉटेलांच्या सवलतींतली एकच तुमच्या खास कामाची आहे, ती म्हणजे उशिरा चेकआउट. काम दुपारी संपलं, विमान रात्रीचं, आणि खोली चार वाजेपर्यंत हातात आहे, तर सामान तिथे टाकून तुम्ही मोकळे. लाउंजपेक्षा हिची किंमत मी जास्त धरते. आणि विमानवेड्यानं लाउंजमध्ये गेल्यावर खाण्याच्या टेबलाकडे न वळता आधी धावपट्टीच्या बाजूची खिडकी पकडावी, हे काही सांगायला नको.

मोकळा वेळ मिळवायचा दुसरा मार्ग स्टॉपओव्हर. आइसलँडएअर अटलांटिक पार करताना आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत थांबू देते आणि भाडं वाढवत नाही. पोर्तुगालची टॅप दहा दिवसांपर्यंत थांबू देते. इस्तंबूलला सहा ते चोवीस तासांचा लेओव्हर (दोन विमानांमधला थांबा) असेल तर टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना शहराची मोफत सहल घडवते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच तासांहून जास्त वेळ असेल तर तशीच सोय आहे. स्वतःच बाहेर पडायचं असेल तर माझा हिशेब सरळ आहे: बाहेर पडायला एक तास, परत येऊन सुरक्षातपासणी आणि गेटसाठी दोन तास. हे तीन वजा करून, जाण्यायेण्याचा वेळही काढून, दोन तास उरत नसतील तर बाहेर पडू नका. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर नसतील तर आणखी दोन तास वजा करा, कारण पुढचं विमान चुकलं तर तुमची जबाबदारी कुणाचीच नसते.

आता त्या वेळाचं काय करायचं. मला सर्वांत आवडतात ती विमानतळाला चिकटून असलेली ठिकाणं, कारण त्यांच्यासाठी शहरात जावं लागत नाही. म्युनिक विमानतळाच्या एक स्टेशन अलीकडे, एस-बान या लोकल गाडीनं, ‘बेझुखरपार्क’ नावाचा थांबा आहे. तिथे मुद्दाम रचलेली टेकडी आहे, वरून एप्रन (विमानं उभी करायची जागा) दिसतं, आणि खाली युंकर्स ५२, डीसी-३ आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही जुनी प्रवासी विमानं उभी आहेत. तीन तासांच्या लेओव्हरमध्येही, बाहेर पडता येत असेल तर, हे एक ठिकाण मी माझा हिशेब मोडून सुचवते. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळ स्मिथसोनियनचं उद्वार-हेझी सेंटर आहे, २००३ मध्ये उघडलेलं. डिस्कव्हरी स्पेस शटल, एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान आणि आवाजाहून वेगानं उडणारं प्रवासी विमान काँकॉर्ड एकाच छपराखाली, प्रवेश मोफत, विमानतळावरून बस. आतल्या मनोऱ्यावरून डलेसची उतरणारी विमानंही दिसतात, म्हणजे संग्रहालय आणि स्पॉटिंग (विमानं बघणं, टिपणं) एकाच फेरीत.

तुलूजला ब्लान्याक विमानतळाला लागून एअरोस्कोपिया आहे. काँकॉर्ड आहेच, पण खरं बघायचं ते सुपर गपी: एअरबसचे भाग पूर्वी एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात वाहून नेणारं ते अगडबंब, फुगलेलं विमान. तिथूनच एअरबसच्या असेंब्ली लाइनची फेरी मिळते, फक्त आधी नोंदणी आणि सोबत ओळखपत्र हवं. सिॲटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये पहिलं बोइंग ७४७ उभं आहे, तेच, १९६९ मध्ये उडालेलं. पॅरिसजवळचं ल बुर्जे १९२७ मध्ये लिंडबर्ग जिथे उतरला ते. आज तिथे संग्रहालय आहे आणि दोन काँकॉर्ड शेजारी शेजारी. आणि जर्मनीत झिन्सहाइमच्या संग्रहालयाच्या छतावर काँकॉर्ड आणि तिचं रशियन प्रतिस्पर्धी तुपोलेव-१४४ दोन्ही चढवून ठेवलीत. दोन्हींच्या आत शिरता येतं. तुपोलेवनं पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९६८ ला केलं, काँकॉर्डनं २ मार्च १९६९ ला. पण जिंकलेली शर्यत कुणाच्या उपयोगी पडली ते दोन्ही केबिन पाहिल्यावर कळतं. या ठिकाणी एकटं जाणं मी मुद्दाम पसंत करते. एका लँडिंग गिअरसमोर वीस मिनिटं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुक्कामच विमानतळावर करायचा असेल तर न्यूयॉर्कच्या जेएफकेवरचं टीडब्ल्यूए हॉटेल बघा. ईरो सारिनेननं रचलेल्या, १९६२ च्या टर्मिनलमध्ये ते २०१९ ला सुरू झालं. बाहेर एक कॉन्स्टेलेशन उभं आहे, आणि गच्चीवरच्या तलावातून धावपट्टी दिसते. दिवसा काही तासांसाठीही खोली मिळते, जे लांब लेओव्हर असणाऱ्या एकट्याला फार सोयीचं.

स्पॉटिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवखे लोक इथेच दिवस वाया घालवतात. नकाशावर ‘उत्तम जागा’ शोधून तिथे जाऊन उभं राहणं पुरेसं नाही. विमानं वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरतात, म्हणून आधी वारा बघा. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य सोडून: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. पश्चिमेचा वारा असला की लंडनच्या हीथ्रोवर विमानं २७ वर उतरतात, आणि हॅटन क्रॉस ट्यूब स्टेशनजवळच्या मर्टल अव्हेन्यूवर ती डोक्यावरून जातात. पण तिथे समांतर धावपट्ट्या दोन आहेत, आणि आसपासच्या लोकांना आवाजापासून उसंत मिळावी म्हणून उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलते. मर्टल अव्हेन्यूला २७ डावी (दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावीकडची) हवी. कुठल्या आठवड्यात सकाळी डावी आणि कुठल्या आठवड्यात दुपारी, याचं वेळापत्रक विमानतळ आधीच जाहीर करतो. वारा पूर्वेचा झाला की सगळंच उलटं, मग तिथे जाऊन उपयोग नाही. ही पाच मिनिटांची तयारी न केलेले लोक तिथे रिकामं आभाळ बघत बसलेले दिसतात.

ऊन पाठीशी ठेवा. विमानाच्या पोटावर सावली पडली की फोटो गेला. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते, लांबून टिपलेलं काहीच धारदार येत नाही. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर जा. कॅमेरा नसेल तरी विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या ॲपवर काय येतंय ते आधीच कळतं, आणि पंधरा मिनिटं आधी कळलेलं विमान बघायला वेगळीच मजा येते. टोकियोच्या हानेदाला तर हे काहीच कष्ट नाहीत. टर्मिनलांच्या गच्च्या मोफत खुल्या असतात, आणि संध्याकाळी पाण्यापलीकडचे दिवे लागतात तेव्हा तिथे कामावरून सुटलेली एकटी माणसं निवांत उभी असतात.

एकटं कुंपणाशी उभं राहणं विचित्र दिसतं का, असंही तुम्ही विचारलंय. स्पॉटरच्या घोळक्यात नाही, पण बाकी ठिकाणी सुरक्षारक्षक हटकतील. शांतपणे सांगा, फोटो दाखवा, म्हणतील तर निघा. लष्करी तळ मात्र पूर्ण टाळा. २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाताच्या हवाई तळावरच्या कार्यक्रमात नोंदी घेणाऱ्या ब्रिटिश आणि डच स्पॉटरना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. पुढच्या एप्रिलमध्ये शिक्षा झाली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. नियम देशागणिक वेगळे असतात. ब्रिटनमध्ये कुंपणाशी उभं राहून फोटो काढा, कुणी काही म्हणणार नाही, पण वैमानिक आणि टॉवरचं बोलणं रेडिओवर ऐकणं तिथे बेकायदा आहे. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाच्या माहो बीचवर, धावपट्टीच्या अगदी टोकाशी, धोका वेगळाच: विमान उतरताना अगदी डोक्यावरून जातं ते ठीक, पण उड्डाणाच्या वेळी इंजिनांचा झोत कुंपणावर आदळतो. २०१७ मध्ये त्यात एका प्रवासी महिलेचा जीव गेला. तिथे कुंपण धरून उभं राहण्याचा खेळ करू नका. आणि एकट्या बाईनं किंवा पुरुषानं, कुणीही, अंधार पडायच्या आत शेवटची बस कितीला आहे ते बघून ठेवावं. स्पॉटिंगच्या जागा बहुधा आडबाजूलाच असतात.

प्रवास ही स्वतःच सहल होऊ शकते, याकडे लोकांचं लक्ष जात नाही. काही कंपन्यांना दोन परक्या देशांमध्ये प्रवासी नेण्याचा हक्क असतो: एमिरेट्सचं ए३८०, म्हणजे एअरबसचं दुमजली विमान, सिडनीहून क्राइस्टचर्चला जातं, सिंगापूर एअरलाइन्स फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला. तीन तासांच्या फेरीत ए३८० मिळणं यासाठी थोडी वाट वाकडी करावी असं मला वाटतं. ए३८० बनवणं २०२१ मध्ये थांबलं, शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झालं. ही विमानं आता कमीच होत जाणार. जपानमध्ये देशांतर्गत मार्गांवरही दोन आइलची मोठी विमानं उडतात. आणि अगदी दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमधल्या बारा बेटावर ग्लासगोहून येणारं छोटं ट्विन ऑटर चक्क समुद्रकिनाऱ्यावर उतरतं, त्यामुळे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. विखुरलेले माइल्स मी अशाच फेऱ्यांवर उडवायला सांगेन. एक जागा लागते, तीच तर तुम्हाला सहज मिळते.

खिडकी निवडताना: उत्तर गोलार्धात दिवसा पश्चिमेकडे जाताना उजवीकडे बसा, पूर्वेकडे जाताना डावीकडे, म्हणजे सूर्य डोळ्यावर येत नाही. पंखाच्या मागे इंजिनाच्या गरम हवेनं दृश्य विरघळतं, म्हणून पंखाच्या पुढे. कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा. तो लावला तर खिडकीच्या प्लास्टिकमुळे फोटोत इंद्रधनुषी पट्टे येतात.

एअर शोचं लवकर आटोपते, कारण ते तुमच्या कामाच्या तारखांना धरून येत नाहीत. पॅरिस विषम वर्षी, फार्नबरो सम वर्षी. पॅरिसला जायचं तर सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांचे असतात, सामान्यांसाठी शेवटचे ठेवतात, ते पाहून सुट्टी काढा. एकट्यासाठी मला अमेरिकेतल्या ऑशकॉशचा एअर शो जास्त आवडतो. जुलैअखेर लोक स्वतःची छोटी विमानं घेऊन येतात, पंखाखालीच तंबू ठोकतात आणि अनोळखी माणसाला आपलं इंजिन उघडून दाखवतात.

आणि एकदा तरी स्वतः हाती घ्या. सिम्युलेटर हवा असेल तर बुक करताना तो हलणारा आहे की स्थिर, आणि शेजारी खरा वैमानिक बसणार की नुसता कर्मचारी, हे विचारा. फरक याच दोन गोष्टींत असतो. पण माझी पसंती फ्लाइंग क्लबमधल्या ट्रायल लेसनला, म्हणजे उडवून बघायच्या पहिल्या धड्याला. दोन आसनांचं विमान, एक प्रशिक्षक आणि तुम्ही, म्हणजे इथेही सोबत्याची अडचण नाही. वजनाची मर्यादा असते, खरं वजन सांगा. हवा खराब असली की उड्डाण रद्द होतं आणि ते झालंच पाहिजे, म्हणून हे मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या मोकळ्या सकाळी ठेवा, हवा सकाळीच जास्त शांत असते, आणि रद्द झालं तर दुसरी सकाळ हातात राहते.